करारातला पगार कापला तर: यूएलपी (अनुचित कामगार प्रथा) तक्रार, ९० दिवसांची मुदत आणि हमखास अडणारे कागद

‘करार ३१ मार्चला संपला, सबब वाढीव पगार बंद’ अशी नोटीस गेटवर लागली की निम्मे कामगार ती खरी मानून गप्प बसतात. छापलेली मुदत सरली म्हणून युनियन आणि कंपनीतला पगाराचा करार संपत नाही. एका पक्षाने तो संपवत असल्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतरही ६० दिवस (जुन्या, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात दोन महिने) तो बंधनकारक राहतो. त्यापुढे नवा करार किंवा निवाडा होईपर्यंत जुन्याच शर्ती चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने एलआयसीच्या बोनस प्रकरणात १९८० सालीच सांगून ठेवलं आहे.

महाराष्ट्रात यावरचा मुख्य रस्ता म्हणजे १९७१ च्या राज्य कायद्याखाली (कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम) औद्योगिक न्यायालयात अनुचित कामगार प्रथेची तक्रार. अनुसूची ४, बाब ९, म्हणजे करार न पाळणं. तक्रार युनियन करू शकते, एकटा कामगारही करू शकतो. ‘तुमची युनियन मान्यताप्राप्त नाही’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण ती अट त्याच अनुसूचीतल्या बाब २ आणि ६ पुरती आहे. कंत्राटी कामगारांनी मात्र जपून. मूळ कंपनी ‘हे आमचे नाहीतच’ म्हणाली तर मालक-कामगाराचं ते नातं आधी वेगळ्या कारवाईत सिद्ध करावं लागतं, नाहीतर तक्रार दारातूनच परत येते.

मुदत ९० दिवसांची, आणि ती कपात झाल्यापासून मोजतात. व्यवस्थापनाशी बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबत नाही. सगळ्यात जास्त तक्रारी इथेच बुडतात: तीन महिने ‘साहेब बघतो म्हणाले’, चौथ्या महिन्यात वकील. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा; त्यात तारीखवार कारण हवं, ‘अज्ञानामुळे’ एवढ्यावर भागत नाही.

आता कागद. पगाराच्या स्लिपा (कपातीआधीच्या आणि नंतरच्या), ओळखपत्र, युनियनचा ठराव हे मिळतं. मिळत नाही ती कराराची सहीची प्रत. बहुतेकांकडे असते ती व्हॉट्सॲपवर फिरलेली, शेवटचं पान नसलेली, आणि सह्या नेमक्या त्याच पानावर. करार समेट अधिकाऱ्यासमोर (वादात मध्यस्थी करणारा कामगार खात्याचा अधिकारी) झाला असेल तर प्रत कामगार आयुक्त कार्यालयात सापडते. माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मागा. उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि ते तुमच्या ९० मधूनच जातात, म्हणून वाट बघत बसू नका. असलेली झेरॉक्स जोडा आणि मूळ प्रत कंपनीने हजर करावी असा वेगळा अर्ज द्या.

प्रत्येक कामगाराचा तक्ता करा: टोकन नंबर, बाब, आधीची रक्कम, आताची रक्कम, फरक. ‘सुमारे दोन हजार कमी आले’ असं लिहू नका. ‘विशेष भत्ता १,८५० वरून शून्य’ असं लिहा. पगार कमी नाही, फक्त रचना बदलली, हा कंपनीचा ठरलेला बचाव आहे. पण भत्ते आणि रूढ सवलतीही नोटिशीशिवाय बदलता येत नाहीत.

नोटीस म्हणजे शर्ती बदलण्याआधी कंपनीने द्यायची २१ दिवसांची बदलाची नोटीस. पूर्वी १९४७ च्या कायद्याचं कलम ९अ, आता औद्योगिक संबंध संहितेचं कलम ४०. हे २१ दिवस निमूट बसायचे नाहीत. लगेच लेखी हरकत देऊन समेट अधिकाऱ्याकडे वाद न्या. समेटाची कारवाई सुरू असताना त्या वादातल्या शर्ती लेखी परवानगीशिवाय बदलता येत नाहीत. नुसतं पत्र आवक करून कारवाई सुरू होत नाही, पहिल्या बैठकीची तारीख मिळवा. टेबलावर ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ ऐकून परत फिरणारेच जास्त, म्हणून शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका.

कपातीच्या संमतीपत्रावर सही करू नका. करावीच लागली तर सहीखाली स्वतःच्या अक्षरात ‘निषेध नोंदवून, हक्क राखून’ लिहा आणि फोटो काढा. कमी पगार खात्यात आला तर त्याच आठवड्यात तसंच पत्र एचआरला द्या.

तक्रारीसोबतच १९७१ च्या कायद्याच्या कलम ३०(२) खाली अंतरिम आदेशाचा अर्ज द्या. तो मागे ठेवला तर निकाल लागेपर्यंत कापलेलाच पगार मिळत राहतो.