टू टी ऑइल किती टाकायचं : पंचवीस-चाळीसच्या भांडणाची पार्श्वभूमी

फवारणी सुरू झाली की आमच्या जालना-अंबड पट्ट्यात दरवर्षी तोच वाद निघतो, तैवान पंपात, म्हणजे पाठीवरच्या फवारणी पंपात, पेट्रोलमधी टू टी ऑइल (टू स्ट्रोक इंजनाचं ऑइल) किती टाकायचं. एक जण म्हणतो पंचवीस, दुसरा म्हणतो चाळीस, तिसरा सोयाबीनच्या बांधावरून ओरडतो वीस पुष्कळ झालं, अन कोणीच हे सांगत नाही की पंचवीस काय. लिटर पेट्रोलला पंचवीस एमएल, का पंचवीसला एक, म्हणजे पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग ऑइल? इथंच सगळा घोळ आहे, अन तो लई जुना आहे म्हणून जरा मागून सांगतो.

टू स्ट्रोक इंजनात ऑइलचं वेगळं भांडं नसतं, म्हणून आतल्या भागांना ऑइल पोचवायला ते पेट्रोलसोबतच जाळावं लागतं. ह्या इंजनाचा जन्म १८८०-९० च्या आसपास इंग्लंडातला, तेव्हा पेट्रोलमधी ऑइल मिसळायची पद्धत नव्हती, ती पुढं आली. मिसळायला लागले तेव्हा जे हाताशी होतं तेच, म्हणजे साधं जाड मशिन ऑइल, अन शर्यतवाले तर एरंडेल. हो, आपल्या बांधावरच्या एरंडीचंच तेल. गरम इंजनात एरंडेल फार चिवट, पण पेट्रोलात नीट विरघळत नाही, खाली बसतं, अन जळाल्यावर डांबरासारखा थर धरतं. असल्या ऑइलचं प्रमाण साहजिकच जास्त, सोळाला एक, वीसला एक. दुसऱ्या महायुद्धानंतर इटालियन स्कूटर आली तिला सुरुवातीला पाच टक्के ऑइल लागायचं, पुढं इंजनात सुधारणा झाल्या अन तेच दोन टक्क्यांवर आलं. म्हणजे आकडा कायम इंजन अन ऑइल दोघांवर मिळून ठरत आला, आकड्याला स्वतःचं असं काही नसतं. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणारय.

आता मला जो काळ नीट आठवतो तो. लुना १९७२ ची, चेतक पण त्याच सुमाराची, अन ८० च्या दशकात एम-८० आली, तिनं तर खेड्यातलं दूध शहरात नेऊन पोचवलं, दोन्हीकडं दोन-दोन कॅन बांधून. १९८५ ला बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला अन औरंगाबादच्या आजूबाजूला (आता छत्रपती संभाजीनगर, पण तेव्हा औरंगाबादच) घरटी एक माणूस कोणत्यातरी शिफ्टला जायला लागला, तो पण स्कूटरवरच. पेट्रोल पंपावर तेव्हा नोझलच्या बाजूला एक काचेची उभी बरणी असायची, तिला दांडा. पंपावरचं पोरगं विचारायचं, "ऑइल किती?" गिऱ्हाईक सांगायचं वीस नाहीतर चाळीस, पोरगं तेवढा दांडा मारायचं अन नळीतून हिरवं-निळं ऑइल टाकीत पडायचं. मग गिऱ्हाईक गाडी दोन्ही हातानं धरून गदागदा हलवायचं, का तर मिक्स व्हावं म्हणून. चेतकवाले लिटरला वीस सांगायचे, आमच्या गल्लीतले राजदूतवाले चाळीसच्या खाली ऐकायचे नाहीत. प्रमाण, रेशो असलं काही कोणाच्या तोंडात नव्हतं. सगळा हिशोब एमएलमधी.

त्यातल्या बऱ्याच बरण्यांमधलं ऑइल कोणतं असायचं ते देवालाच ठाऊक. सुट्टं ऑइल म्हणजे भेसळीला मोकळं रान, कुठं पेट्रोलात रॉकेल तर कुठं ऑइलमधी काळं ऑइल पुन्हा गाळून. त्यामुळं लोकांनी आपलाच एक नियम बसवला, दोन दांडे जास्तीचे मारा, धूर निघाला तर निघू द्या. मग वर्षातून एकदा सायलेंसर काढायचा, गोवऱ्यांच्या आगटीत टाकून लाल करायचा, बाहेर काढून आपटला की आतून पापडासारख्या कार्बनच्या खपल्या पडायच्या. प्लग तर दर आठवड्याला काचपेपरनं घासायचा. ह्याला कोणी खराबी समजत नव्हतं, ही निगा होती.

मग १९९८-९९. हा भाग लोक विसरले पण माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हाच. शहरातल्या धुरावरून कोर्टकचेऱ्या चालू होत्या, त्यात दिल्लीत सुट्ट्या टू टी ऑइलची विक्री बंद झाली अन पंपावर आधीच मिसळलेलं पेट्रोल द्यायचं ठरलं, आणि १ एप्रिल १९९९ पासून देशभर कमी धुराचंच टू टी विकायचं असा नियम आला. त्यासाठी जपानी मापातलं एफसी अन अमेरिकन मापातलं टीसी ही पातळी धरली. डब्यावर आज जासो एफसी, एपीआय टीसी असं छापलेलं असतं ते त्याचंच. एफसी म्हणजे धुराची, सायलेंसर चोंदण्याची, पिस्टन स्वच्छ ठेवण्याची परीक्षा पास झालेलं ऑइल. पुढं एफडी आलं, ते अजून स्वच्छ. बदल फक्त छापण्यातला नव्हता, ऑइलच बदललं होतं. आधी जाडपणासाठी जड खनिज तेल असायचं, ते अर्धवट जळायचं, त्याच्या जागी असा पदार्थ आला जो गरम झाला की सुटून जातो अन मागं फार काही ठेवत नाही. वरून पातळ सॉल्व्हंट, म्हणजे पेट्रोलात पटकन मिसळावं. हलवाहलवीची गरज तिथंच निम्मी झाली. पण लोक अजून टाकी हलवतात, मी पण हलवतो.

गंमत अशी की ऑइल सुधारलं तेव्हाच रस्त्यावरून टू स्ट्रोक जायला लागली. २००० नंतर धुराचे नियम आवळत गेले, स्कूटर गेल्या, यामाहाची आरएक्स मोटारसायकल गेली, रिक्षा पण बदलल्या. अन दहा-पंधरा वर्षांनी तीच टू स्ट्रोक परत आली, रस्त्यावर नाही तर शेतकऱ्याच्या पाठीवर. २५-२६ सीसीचं इंजन, फवारणीच्या टाकीखाली, सोबत ब्रश कटर, झाडं छाटायची आरी, सगळी एकाच कुळातली. पंप बहुतेक चिनी असतात, पण नाव पडलं तैवान पंप अन तेच चिकटलं.

आता मूळ घोळ. पंपासोबत जे चोपडं येतं अन टाकीवर जो स्टिकर असतो त्यावर लिहिलेलं असतं २५:१. म्हणजे पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग ऑइल. लिटरला किती? हजार भागिले पंचवीस, चाळीस एमएल. अन ४०:१ म्हणजे हजार भागिले चाळीस, पंचवीस एमएल! बघा, पंचवीस अन चाळीस हे दोन आकडे एकमेकांत अडकलेलेच आहेत, गुणाकार बरोबर हजार. त्यामुळं एक जण एमएलमधी बोलत असला अन दुसरा रेशोमधी, तर पंचवीस म्हणणारा अन चाळीस म्हणणारा दोघं एकच माप सांगत भांडत असू शकतात, अन दोघंही "चाळीस" म्हणत असले तर एकाच्या बाटलीत दुसऱ्यापेक्षा दीडपटीहून जास्त ऑइल असू शकतं. वीसचं पण तसंच, लिटरला वीस एमएल म्हणजे पन्नासला एक, अन वीसला एक म्हणजे पन्नास एमएल. जुन्या माणसाची जीभ पेट्रोल पंपाच्या दांड्यावर तयार झाली, तो एमएलच बोलणार. पोरगं चोपडं वाचून नाहीतर मोबाईलवर बघून येतं, ते रेशो बोलणार. वयस्कर मिस्त्री असला तर तिसरीच भाषा, टक्के. चार टक्के, दोन टक्के. ह्यात चूक कोणाचीच नाही पण "किती" विचारल्यावर नुसता आकडा सांगणाऱ्याला मी तरी परत विचारतो, कशाचा आकडा?

भर म्हणून पंपासोबत येणारी ती दोन तोंडांची मिक्सिंग बाटली. तिच्यावर २०, २५, ४०, ५० अशा रेघा असतात त्या रेशोच्या, अन दुकानात टू टीच्या पुड्या मिळतात २० अन ४० एमएलच्या. दुकानदार सांगतो "चाळीस टाका", त्याच्या मनात चाळीसची पुडी. घरी पोरगं बाटलीवरची चाळीसची रेघ शोधतं. सांगणारा बरोबर, ऐकणारा पण बरोबर, ऑइल मात्र कमी.

आमच्या दाजींचा पंप दोन वर्षांपूर्वी असाच ऐन ऑगस्टात कपाशीत जाम झाला. दोरी ओढली तर हलायला तयार नाही. सगळ्यांनी लगेच पोरावर ढकललं, त्यानं पंचवीस एमएलच टाकलं म्हणून. मी सायलेंसर खोलून आत बॅटरी मारली. पिस्टनवर उभ्या रेघा होत्या, पण फक्त सायलेंसरच्या बाजूला, बाकी पिस्टन आरशासारखा. ऑइल खरंच कमी पडलं असतं तर साधारण चोहोबाजूनं ओरबाडलेलं दिसतं. एकाच बाजूच्या रेघा म्हणजे इंजन गरम झालं, पेट्रोल कमी अन हवा जास्त. मग पेट्रोलची नळी वाकवून बघितली तर जोडाजवळ केसासारखी चीर. दाजी म्हणाले, "अहो पण ऑइल तर कमीच होतं ना?" कमी होतं, स्टिकरच्या मानानं कमीच होतं. पण चाळीसला एक चांगल्या एफसी ऑइलवर असलं इंजन मरत नाही. ऑइलवर ठपका ठेवणं सोपं, कारण ते डोळ्यासमोर ओतलेलं असतं, नळी कोण बघतो.

म्हणून स्टिकरवर २५:१ का लिहितात ह्यावर पण बोलतो. माझं मत, हा आकडा कंपनी स्वतःच्या बचावासाठी लिहिते. तिला ठाऊक असतं की गिऱ्हाईक कोणतंही ऑइल ओतणार. चांगल्या आऱ्या बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीच्या जुन्या चोपड्यात हे उघड लिहिलेलं असायचं, आमचं ऑइल वापरलं तर ५०:१, दुसऱ्याचं वापरलं तर २५:१. एका स्वीडिश कंपनीचं तसंच, आपलं दोन टक्के, परकं तीन टक्के. इंजन तेच, विश्वास वेगळा. त्यामुळं ५०:१ च बरोबर म्हणणारी पोरं जेव्हा म्हणतात की २५:१ म्हणजे अडाणीपणा, तेव्हा मला पटत नाही. गावातल्या दुकानातलं धूळ बसलेलं ऑइल, भर उन्हात चार-चार तास फुल रेसवर चालणारं स्वस्त इंजन, तिथं थोडं जास्त ऑइल म्हणजे फार तर प्लग काळा होईल. हां, जास्तीचं पण वाटेल तेवढं नाही, कारण ऑइल वाढलं की तेवढ्याच मापात पेट्रोल घटतं, म्हणजे ऑइलनं घट्ट केलेलं मिक्स हवेच्या हिशोबानं उलट पातळच होतं, हवा जास्त अन पेट्रोल कमी. हे ऐकून लोक माझ्याकडं संशयानं बघतात. फरक दोन-तीन टक्क्यांचाच आहे, पण दिशा तीच.

खरा धोका चुकीच्या डब्याचा. फोर स्ट्रोकचं इंजन ऑइल टाकलं तर त्यातल्या धातूच्या क्षारांची राख होते अन प्लगच्या टोकाला चिकटते. बोटीच्या इंजनाचं टू टी वेगळं, ते पाण्यानं थंड होणाऱ्या इंजनासाठी, आपल्या हवेवरच्या इंजनाला पुरत नाही. आता तर ३५ सीसीचे फोर स्ट्रोक पंप पण तशाच रंगात येतात, त्यांच्या टाकीत मिक्स ओतणारे अन टू स्ट्रोकमधी कोरं पेट्रोल ओतणारे दोन्ही मी बघितलेत. कोरं पेट्रोल ओतणाऱ्याचा पंप संध्याकाळपर्यंत टिकला नाही.

अन सगळ्यात नवं म्हणजे इथेनॉल. २०२२ ला पेट्रोलात दहा टक्के झालं, २०२५ पर्यंत वीस. ऊस आपल्याच भागातला, कारखाने आपलेच, तक्रार कुठं करणार. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात अर्धी भरलेली बाटली महिनाभर ठेवली तर खाली पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊ शकतो, ऑइल वर पेट्रोलसोबत राहतं, अन इंजन ओढतं तळातून. म्हणजे ज्या थरात ऑइल नाही तोच आधी आत जातो. शिवाय जुन्या रबराच्या नळ्या अन कार्ब्युरेटरचा पडदा त्यानं कडक पडतो, दाजींच्या नळीला चीर कशानं पडली ह्याचा मला तरी संशय तिकडंच आहे.

सध्या दाजींच्या शेडमधी एक लिटरची पाण्याची बाटली टांगलेली असते, तिच्यावर पोरानं मार्करनं लिहिलंय "पेट्रोल १ लिटर + मोठी पुडी १, आठ दिवसात संपवा". आकडा मुद्दाम टाकलेला नाही.