खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा: गालिच्यावर कोणता चालतो, कोणता नाही

गालिच्यावर काही सांडले की "थोडा सोडा टाका, निघून जाईल" हा सल्ला हमखास मिळतो. कोणता सोडा, हे सांगणारा क्वचितच भेटतो. किराणा दुकानात खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा दोन्ही पुडीत मिळतात, दोन्ही पांढरे आणि स्वस्त असतात आणि घरी आणून डब्यात भरल्यावर चिठ्ठी लावायची राहिली तर त्यांतला फरक नजरेला पटकन कळत नाही. गालिच्याला मात्र तो लगेच कळतो. पहिल्याने फारसे नुकसान होत नाही आणि योग्य जागी वापरला तर चांगला उपयोगही होतो. दुसऱ्याने लोकरीचा गालिचा कायमचा खराब होऊ शकतो.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट आणि धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. दोन्ही एकाच कुळातले आहेत. बेल्जियममध्ये १८६० च्या दशकात विकसित झालेल्या, सोडा बनवण्याच्या सॉल्व्हे पद्धतीत आधी बायकार्बोनेट तयार होते आणि ते तापवले की त्यातून पाणी व कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन कार्बोनेट उरते. खाण्याचा सोडा घरच्या ओव्हनमध्ये बराच वेळ तापवला, तरी हेच घडते. नाते इतके जवळचे असले, तरी पाण्यात विरघळल्यावर दोघांचा स्वभाव फार वेगळा असतो. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच (द्रावण किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचे माप), साधारण ८.३ असतो, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या पुढे जातो. सामूच्या मापात एक अंक वाढला की अल्कधर्मीपणा, म्हणजे आम्लाच्या उलटा गुण, दहापट वाढतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा फरक किती मोठा आहे ते उमगते.

लोकरीचा संबंध इथेच येतो. भदोही-मिर्झापूरचे किंवा काश्मीरचे हाताने विणलेले गालिचे बहुतेक लोकरीचे असतात, काश्मीरचे काही रेशमाचेही असतात, आणि लोकर व रेशीम हे दोन्ही धागे प्रथिनांचे आहेत. लोकरीतल्या केराटिन या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. तीव्र अल्कधर्मी द्रावण हे बंध तोडते. मग धागा पिवळट पडतो, हाताला खरखरीत लागतो आणि ओला असताना ओढला तर तुटतो. शिवाय लोकरीला दिले जाणारे बरेच रंग आम्लधर्मी द्रावणात पक्के होतात, त्यामुळे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ते सुटू लागतात आणि शेजारच्या नक्षीत पसरतात. डाग काढायला गेलेल्या माणसाला मूळ डागापेक्षा मोठा डाग मिळतो, आणि तो कोणत्याही उपायाने परत जात नाही. म्हणून लोकरीच्या किंवा रेशमाच्या गालिच्यावर धुण्याचा सोडा कोणत्याही प्रमाणात, अगदी चिमूटभरसुद्धा, वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या घरांत गालिच्यावर सर्वाधिक काय सांडते, तर वरण, भाजीचा रस्सा आणि चहा. आणि या तिन्हींवर दोन्ही सोडे चुकीचे आहेत. फोडणीच्या वरणाचा डाग घ्या. त्यात तेल, डाळीचा गर आणि हळद अशा तीन गोष्टी असतात. हळदीतला कर्क्युमिन हा रंग आम्लात व साध्या पाण्यात पिवळा राहतो आणि अल्कधर्मी द्रव लागला की लाल होतो. हळदीपासून पारंपरिक पद्धतीने कुंकू बनवताना चुना वापरतात तो याच गुणामुळे. ओल्या पिवळ्या डागावर धुण्याचा सोडा पडला तर कडेपासून आत नारिंगी छटा सरकत येते आणि पाहता पाहता पूर्ण ठिपका विटेसारखा लाल होतो. खाण्याच्या सोड्यानेही रंग नारिंगीकडे झुकतो, फक्त कमी तीव्रतेने. असा लालसरपणा दिसला तर घाबरून घासू नये. व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याने टिपले की रंग पुन्हा पिवळ्यावर येतो.

वरणाच्या डागासाठी खरा क्रम वेगळा आहे. आधी चमच्याच्या कडेने गर उचलावा, मग कोरड्या सुती कापडाने बाहेरून मध्याकडे दाबत टिपावे आणि तेल शोषून घेण्यासाठी सोड्याऐवजी कॉर्नफ्लोअर भुरभुरावे, कारण ते अल्कधर्मी नसते. अर्ध्या-एक तासाने ते झटकून, गार पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचे दोन-चार थेंब घालून त्या पाण्याने पुन्हा टिपावे आणि शेवटी साध्या पाण्याने साबण काढून टाकावा, कारण उरलेला साबण पुढे धूळ धरून ठेवतो. एवढे करूनही पिवळी छटा राहिली तर गालिचा काही तास उन्हात ठेवावा. कर्क्युमिन प्रकाशात विटते आणि हळदीच्या डागावर याहून भरवशाचा घरगुती उपाय मला माहीत नाही.

चहाचेही तसेच. चहातली टॅनिन वर्गातली द्रव्ये अल्कधर्मी पाण्यात गडद होतात. कोऱ्या चहात लिंबू पिळले की रंग फिका पडतो, त्याच्या नेमके उलट. त्यामुळे चहा सांडला तर ताबडतोब टिपून घ्यावा आणि गार पाण्यानंतर पातळ व्हिनेगर वापरावे.

मग खाण्याचा सोडा कशासाठी? वासासाठी. दूध सांडून नासले, लहान मुलाने उलटी केली किंवा पावसाळ्यात गालिच्याला कुबट वास आला, तर त्या वासामागे बऱ्याच वेळा आम्लधर्मी द्रव्ये असतात आणि बायकार्बोनेट त्यांना निष्प्रभ करते. आधी डाग पूर्ण काढून गालिचा वाळू द्यावा, मग सोडा चाळणीतून पातळ थरात भुरभुरावा, रात्रभर राहू द्यावा आणि सकाळी व्हॅक्यूम क्लीनर सावकाश फिरवून तो काढावा. ओल्या गालिच्यावर सोडा टाकण्याची चूक फार घरांत होते: तो धाग्यांच्या मुळाशी घट्ट बसतो आणि वाळल्यावर पांढरट कण महिनोन्महिने वर येत राहतात. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा उपायही लोकप्रिय आहे, परंतु दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात आणि फेस विरल्यावर मुख्यतः सोडियम अ‍ॅसिटेटचे खारट पाणी उरते, ज्याने डाग निघत नाही.

धुण्याच्या सोड्याची जागा सुती सतरंजीवर आणि जाजमावर आहे. कापसाचा धागा प्रथिनाचा नसून सेल्युलोज या वनस्पतीतल्या द्रव्याचा असल्याने अल्कधर्मी पाणी सहन करतो. सुती कपडे सोड्याच्या पाण्यात उकळण्याची धोब्यांची जुनी रीत यावरच चालत आली. हा सोडा जड पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम खाली बसवतो, त्यामुळे साबणाला नीट फेस येतो, आणि तेलकट मळ सैल करतो. रंगीत सतरंजी असेल तर आधी एका कोपऱ्यावर ओले पांढरे फडके दाबून रंग सुटतो का ते पाहावे. सोडा बादलीतल्या कोमट पाण्यात पूर्ण विरघळवूनच वापरावा आणि हातमोजे घालावेत, कारण त्याने कातडी कोरडी होऊन चुरचुरते.

यंत्रावर विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिक धाग्याच्या, गालिच्याला धुण्याच्या सोड्याने सहसा काही होत नाही. तरीही अशा गालिच्यांची पाठ अनेकदा तागाची असते, आणि अल्कधर्मी पाणी तागापर्यंत पोचले की वाळताना तपकिरी रंग वर चढतो. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी, जिथे अनेकदा भिंतीपासून भिंतीपर्यंत जमिनीवर पक्का बसवलेला गालिचा असतो, ही काळजी विशेष घ्यावी. तो उचलून उन्हात टाकता येत नाही.

डब्यात कोणता सोडा आहे याची शंका आली तर चव घेऊन पाहू नये. व्हिनेगरने फरक कळत नाही, दोन्ही फसफसतात. त्याऐवजी उकळत्या पाण्यात चमचाभर पूड टाकावी: खाण्याच्या सोड्यातून बारीक बुडबुडे येतात, धुण्याचा सोडा शांतपणे विरघळतो. दुसरी खूण हळदीची. चिमूटभर हळद कालवलेल्या पाण्यात धुण्याचा सोडा पडला की रंग एकदम गडद लाल होतो.

आणि चुकून लोकरीवर धुण्याचा सोडा सांडलाच, तर पाणी ओतू नये. कोरडी पूड आधी व्हॅक्यूमने पूर्ण काढावी, मग एक भाग पांढरे व्हिनेगर आणि चार भाग गार पाणी यांत भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने ती जागा न घासता टिपावी, नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने टिपावी आणि पंख्याखाली लवकर वाळवावी.