मांडायचं विमान आणि उडवायचं विमान

कार्डशीटचं विमान पूर्ण करून टेबलावर ठेवलं की घरी येणारा प्रत्येक जण आधी एकच गोष्ट विचारतो. जळगावात मराठीत विचारतील, अमळनेर-धुळ्याकडे अहिराणीत विचारतील, "हाई उडस का, भो?" प्रश्न अगदी रास्त आहे. विमान म्हटलं की उडणं आलंच. पण कागदाची विमानं दोन वेगळ्या प्रकारची असतात आणि त्यातलं एकच उडण्यासाठी केलेलं असतं. दोन्हींना कार्डशीट तीच लागते, फेविकॉल तोच, कटर आणि स्टीलची पट्टीही तीच. दुकानात दोन्ही पाकिटांवर आकाशात झेपावणाऱ्या विमानाचं चित्र असतं. त्यामुळे मुलं मांडायचं विमान घेतात, आठ दिवस खपून जोडतात आणि गच्चीवरून सोडतात. नाक खाली घालून ते सरळ अंगणात आपटतं. पोराला वाटतं आपलंच काही चुकलं. त्याचं काही चुकलेलं नसतं, आणि हे त्याला कुणीतरी नीट सांगायला हवं.

मांडायच्या विमानाला मॉडेलवाले कार्ड मॉडेल म्हणतात. खऱ्या विमानाचं बाहेरचं रूप ठरलेल्या प्रमाणात उतरवायचं, एवढंच त्याचं काम. कागदी विमानांत १:३३, म्हणजे खऱ्याच्या तेहतिसाव्या भागाएवढं, हे प्रमाण सर्वात जास्त चालतं. प्लॅस्टिकच्या किटमध्ये १:७२ आणि १:४८ जास्त दिसतात. कागदात १:३३ रुजलं ते मुख्यतः पोलंडमुळे. तिथे १९५७ पासून असे छापील नकाशे देणारं मासिक निघू लागलं आणि पिढ्यान् पिढ्या मुलांनी त्यातली विमानं कापून जोडली.

आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. नॅट. बंगळुरूला एचएएलनं, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं, बांधलेलं हे चिमुकलं लढाऊ विमान १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत गाजलं. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों लढले ते नॅटमधूनच. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. या विमानाच्या पंखांची रुंदी टोकापासून टोकापर्यंत ६.७३ मीटर. ३३ नं भागलं की २० सेंटिमीटरच्या थोडं वर येतं, म्हणजे शाळेतल्या १५ सेंटिमीटरच्या पट्टीपेक्षा थोडं मोठं. एवढ्याशा आकारात कॉकपिट, चाकं, हवा आत घेणारी तोंडं, सगळं बसवायचं असतं.

हा आकार टिकतो तो आतल्या पुठ्ठ्यामुळे. विमानाच्या धडात ठरावीक अंतरावर आडवे पडदे लावतात, त्यांना फॉर्मर म्हणतात. ते एक मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचे असतात. त्यावर १६० ते २०० जीएसएमच्या कागदाची छापील कातडी चढवायची. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए४ आकाराचा कागद म्हणजे एका चौरस मीटरचा सोळावा भाग. म्हणून १६० जीएसएमचा एक ए४ कागद दहा ग्रॅम भरतो, आणि झेरॉक्सचा साधा ८० जीएसएमचा पाच ग्रॅम. एक मिलिमीटरचा राखाडी पुठ्ठा मात्र ए४ एवढाच घेतला तरी चाळीस ग्रॅमच्या आसपास जातो. तयार झालेलं नॅट त्यामुळे सहज ५० ग्रॅमपर्यंत पोचतं. टेबलावर ठेवायला हे वजन उत्तमच. पंख्याच्या वाऱ्यानं विमान हलत नाही.

हवेत मात्र याच वजनाचा हिशोब द्यावा लागतो. खऱ्या नॅटच्या पंखांचं क्षेत्रफळ सुमारे १२.७ चौरस मीटर होतं. १:३३ मध्ये ते ११७ चौरस सेंटिमीटर उरतं, कारण लांबी ३३ पट कमी झाली की क्षेत्रफळ ३३ गुणिले ३३ पट कमी होतं. एवढ्याशा पंखांवर ५० ग्रॅम तोलून धरायचे तर विमानाला ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेग हवा, आणि तो सतत हवा. हातानं फेकून क्षणभर तेवढा वेग देता येईलही, पण इंजिन नसल्यामुळे तो टिकवायचा तर विमानाला खाली जावंच लागतं. उलट शंभर चौरस सेंटिमीटरचा पंख असलेला पाच ग्रॅमचा ग्लायडर, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगणारं, उडवायचं विमान, ताशी तेरा-चौदा किलोमीटरला तरंगतं. सायकलवरून रमतगमत जाण्याचा हा वेग. पंख तेवढाच ठेवून वजन नऊ पट केलं तर लागणारा वेग तिप्पट होतो. म्हणून उडवायच्या विमानात कागदाचा प्रत्येक तुकडा लावताना तो खरंच हवा का, असं विचारावं लागतं.

उडवायच्या विमानाची घडण पार उलटी. त्याचं धड पोकळ नळीचं नसतं. एकाच आकाराच्या चार-पाच कागदी पट्ट्या एकावर एक चिकटवून चपटी, ताठ काडी करतात, तेच धड. पंख म्हणजे एकेरी कार्ड, मधोमध खालून जोड दिलेलं. या कलेत सर्वात मोठं नाव जपानचे अभियंते यासुआकी निनोमिया यांचं. १९६६-६७ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कागदी विमान स्पर्धेत ते जिंकले, आणि पुढे त्यांची 'व्हाइटविंग्ज' ही कागदी ग्लायडरची मालिका जगभर गेली. ही विमानं जवळून पाहिली तर अगदी साधी वाटतात. ना चाकं, ना रंगरंगोटी. पण पंखाचा बाक, शेपटीचा आकार, नाकाची लांबी, यातलं काहीही उगाच आलेलं नाही.

आता दोघांमधला सर्वात मोठा फरक, आणि नेमका तोच डोळ्यांना दिसत नाही. तो आहे तोल. खऱ्या विमानात इंजिन, वैमानिक, इंधन, सगळं तोल सांभाळून मांडलेलं असतं. कागदी प्रतिकृतीत इंजिन नाही, म्हणून नाक पोकळ आणि हलकं. शेपटीकडे मात्र उभा पंख, आडवे पंख, त्यांचे दुहेरी थर आणि डिंक. बहुतेक कार्ड मॉडेलं त्यामुळे शेपटीकडे जड असतात. चाकांवर बसवली की मागे कलंडतात. म्हणूनच कितीतरी किटमध्ये नाकात छर्रे किंवा खिळा टाकायची सूचना असते. ती विमान चाकांवर नीट उभं राहावं म्हणून असते, उडावं म्हणून नव्हे.

ग्लायडरचा तोल बघणं सोपं आहे. दोन्ही पंखांखाली दोन पेन्सिलींची टोकं ठेवून विमान उचलायचं. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची जी रुंदी, तिच्या साधारण एक-तृतीयांशावर विमान सपाट राहिलं पाहिजे. मोठी शेपटी असेल तर थोडं मागेही चालतं. शेपटी खाली गेली तर नाकाला मातीची गोळी किंवा कागदाची क्लिप लावायची. मग मोकळ्या जागी खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून, अलगद पुढे सोडायचं. जोरानं फेकायचं नाही. विमान वर उठून थबकलं आणि मग खाली आपटलं, तर नाकाला आणखी थोडं वजन द्यायचं. सरळ खाली घुसलं तर आडव्या शेपटीची मागची कड बोटानं केसभर वर वळवायची. केसभर म्हणजे खरंच केसभर. एक मिलिमीटर म्हणजे फार झालं. पोरांना हे दाखवलं की ती तासन् तास रमतात, कारण हवा लगेच उत्तर देते.

दुसरी गोष्ट पंखांच्या बसणीची. नॅटचे पंख धडाच्या वरच्या भागावर बसवलेले आणि टोकांकडे खाली झुकलेले होते. वेगवान लढाऊ विमानाला ते शोभतं, कारण ते सावरायला वैमानिक आत बसलेला असतो. वैमानिक नसलेल्या कागदाला मात्र पंखांची टोकं वर हवीत, समोरून पाहिलं तर उथळ इंग्रजी व्ही दिसावा अशी. वाऱ्यानं एका बाजूला कललं तर असं विमान आपोआप सरळ होतं. शिवाय एवढ्या लहान आकाराला आणि मंद वेगाला जाड, फुगीर पंख उपयोगाचे नाहीत. पातळ, किंचित बाक दिलेलं एकेरी कार्डच जास्त चांगलं तरंगतं. म्हणजे खऱ्या विमानाचा पंख जितका हुबेहूब उतरवाल, तितकं ते कागदाचं विमान उडायला वाईट.

कागदाच्या तंतूंच्या दिशेबद्दल मात्र दोघांचं जमतं. छापखान्यात तिला ग्रेन म्हणतात. कार्डचा चौकोनी तुकडा दोन्ही बाजूंनी वाकवून बघा. ज्या बाजूनं तो सहज वळतो, त्या वळणाच्या रेषेत तंतू असतात. मांडायच्या विमानाच्या धडाची नळी वळवताना तंतू नळीच्या लांबीनं हवेत, नाहीतर कातडीवर बारीक मोडी पडतात. ग्लायडरच्या पंखातही ते या टोकापासून त्या टोकाकडे हवेत, म्हणजे पंख मधून वाकत नाही. अडचण अशी की मांडायच्या किटमध्ये तुकडे आधीच छापलेले असतात, ते आपल्याला फिरवता येत नाहीत. नकाशा स्वतः छापून घेणार असाल तर आधी कागदाचा ग्रेन बघा. झेरॉक्सवाल्याला "फिट टू पेज नको, शंभर टक्क्यांवर काढ" असं बजावून सांगा. नकाशा आपल्या मनानं लहान केला तर सगळे तुकडे लहान होतात, पण पुठ्ठ्याची जाडी एक मिलिमीटरच राहते. मग फॉर्मरच्या खाचा बसत नाहीत.

चुकांची माफीही दोघांकडे वेगळी मिळते. मांडायच्या विमानात वजन माफ, पण कातडीचा जोड अर्धा मिलिमीटर सरकला की तो जन्मभर दिसतो. कापलेल्या कडेचा पांढरा रंग डोळ्यांत खुपतो, म्हणून जोडण्याआधी प्रत्येक कड त्याच रंगाच्या जलरंगानं किंवा स्केचपेननं रंगवून घ्यायची. या एका कामानं मॉडेलचं रूप पालटतं आणि बहुतेक नवखे तेच टाळतात. ग्लायडरची कड पांढरी राहिली काय किंवा डाग पडला काय, हवेला फरक पडत नाही. पण त्याचा डावा पंख उजव्यापेक्षा जरा पिळलेला असेल तर विमान गोल फिरत खाली येणार. मागून एका डोळ्यानं बघितलं की हा पिळ लगेच सापडतो.

आपल्या खान्देशी हवेचा विचारही दोन्हीकडे वेगवेगळा करावा लागतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा फेविकॉलवर बघता बघता साय धरते आणि लांब जोड पूर्ण होण्याआधीच चिकटणं बंद होतं. मांडायचं मॉडेल उन्हाळ्यात करत असाल तर लांब जोडाला एकदम डिंक लावू नका, दोन-दोन सेंटिमीटरनं पुढे सरका. कूलरच्या झोतात तर बसूच नका, कागद ओलावा धरतो. पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी पिऊन फुगतो, आणि तंतूंच्या आडव्या दिशेनं जास्त फुगतो. ग्लायडरचे पंख तेव्हा रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवलेले बरे.

उडवायला आपल्याकडचा सर्वोत्तम काळ म्हणजे डिसेंबर-जानेवारीची सकाळ. वारा पडलेला, हवा थंड आणि घट्ट. शाळेचं मैदान किंवा कापूस वेचून झालेलं वावर, दोन्ही चालतं. उन्हाळ्याच्या दुपारी हवा जानेवारीच्या पहाटेपेक्षा दहाएक टक्के विरळ असते. पण खरा त्रास तापलेल्या काळ्या जमिनीवरून उठणाऱ्या वावटळींचा. ग्लायडर त्यात सापडला तर वर वर जात शेजारच्या वावरात उतरतो, नाहीतर पार दिसेनासा होतो. रबरबँडच्या गलोलीनं सोडणार असाल तर आजूबाजूला विजेच्या तारा नाहीत ना, ते आधी बघा.

मुलाला आधी कुठलं द्यावं, असं पालक विचारतात. माझं मत पक्कं आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ग्लायडर द्या. एका सकाळी तो होतो, संध्याकाळी उडतो, मोडला तर दुसरा करता येतो. तेरा-चौदाचं पोर स्वतःहून तासभर एका जागी बसत असेल तर त्याला १:३३ चं किट द्या, आणि ते उडणार नाही हे पाकीट उघडण्याआधीच सांगा. किट विकत घेताना आत फॉर्मरची पानं, म्हणजे चकत्या-चकत्यांनी भरलेले न रंगवलेले तुकडे दिसले की ते मांडायचं विमान, हे नक्की. एकेरी पंख, धडाच्या एकसारख्या चार-पाच पट्ट्या आणि तोलाची खूण दिसली तर ते उडवायचं.

ज्यांना विमान ओळखीचंही हवं आणि उडतंही हवं, त्यांनी लढाऊ विमान निवडू नये. सरळ, लांब आणि छतावर बसलेला पंख असलेलं साधं विमान घ्यावं. एचएएलचं पुष्पक आहे, १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं, देशभरच्या फ्लाइंग क्लबांत वापरलं गेलेलं. त्याचं धड पोकळ करू नका. बाजूनं दिसणारी आकृती चपट्या काडीवर उतरवा आणि खिडक्या-दारं पेननं काढा. आडवी शेपटी मूळ प्रमाणापेक्षा पाव पट मोठी करा, पंखांची टोकं मुळापेक्षा जास्त उचला आणि इंजिनाच्या जागी दोन्ही बाजूंना कार्डच्या चकत्या चिकटवत जा, विमान पेन्सिलींच्या टोकांवर सपाट राहीपर्यंत.