व्हिंटेज हाय-फाय स्पीकर

घरी बसून रेकॉर्ड, टेप, रेडिओ नीट ऐकता यावा म्हणून साधारण १९५० ते १९८५ च्या दरम्यान बनलेल्या स्पीकरना व्हिंटेज हाय-फाय स्पीकर म्हणतात. नेमकं कुठल्या वर्षापर्यंतच्या स्पीकरला व्हिंटेज म्हणायचं यावर एकमत नाही. काहीजण सरळ तीस वर्षांचा हिशेब लावतात, काही १९८२ साली सीडी बाजारात आली तिथे रेघ मारतात. दुसरी रेघ जास्त पटते, कारण कॉम्प्युटरवर मोजमाप घेऊन डिझाइन करायची पद्धतही साधारण त्याच सुमाराला रुळली. ‘हाय फिडेलिटी’ हा शब्द आपण १९२७ मध्ये पहिल्यांदा वापरला असं हॅरोल्ड हार्टली या ब्रिटिश इंजिनिअरने सांगितलंय, पण तो त्याचा स्वतःचा दावा म्हणूनच घ्यावा. या शब्दाला मोजता येईल असा अर्थ मिळाला तो १९६० च्या दशकात, जर्मनीच्या डीआयएन ४५५०० या मानकामुळे.

स्पीकरचा शोध कोणी लावला याचं उत्तर एका नावात देता येत नाही. चुंबकाच्या फटीत हलणाऱ्या कॉइलची कल्पना अर्न्स्ट सीमेन्सच्या १८७४ च्या पेटंटमध्ये आहे, पण त्याने त्यातून बोलण्याचा आवाज काढला नव्हता. ऑलिव्हर लॉजचं पेटंट १८९८ चं. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ च्या सुमाराला अशा कॉइलला भोंगा जोडून मोठ्या जमावाला ऐकू जाईल असा आवाज काढून दाखवला. तरी आज घरात जो स्पीकर दिसतो, म्हणजे भोंग्याशिवाय थेट हवा ढकलणारा कागदी कोन, त्याचं श्रेय जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनाच जास्त द्यावं लागतं. १९२५ च्या त्यांच्या निबंधातला कळीचा मुद्दा असा की कोनचा स्वतःचा रेझोनन्स (ज्या सुराला तो आपोआप सगळ्यात जास्त हलतो तो) ऐकायच्या पट्ट्याच्या खाली ठेवला की त्याच्या वर आवाज बऱ्यापैकी सपाट राहतो, म्हणजे सगळे सूर साधारण सारख्याच जोराने येतात. हे गणित नसतं तर कॉइल आणि चुंबक असूनही हाय-फाय झालं नसतं.

खोक्याची गोष्ट याहून वादाची. बंद खोक्याला भोक पाडून कोनच्या मागचा आवाज खालच्या सुरात वापरून घेणं, म्हणजे बास रिफ्लेक्स, हे बेल लॅबच्या अल्बर्ट थुरासचं काम, पेटंट १९३२ चं. पॉल क्लिप्शने १९४६ मध्ये खोलीचा कोपराच भोंग्याचा भाग करून टाकला. मग १९५४ मध्ये एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लॉस यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीचा एआर-१ आला. त्यातली कल्पना अशी, की कोनला धरून ठेवणारी कापडाची नि कागदाची स्प्रिंग मोठ्या हालचालीत सरळ वागत नाही, आवाज विकृत करते, म्हणून ती मुद्दाम ढिली ठेवायची आणि छोट्या हवाबंद खोक्यातल्या हवेलाच स्प्रिंगचं काम करायला लावायचं. फ्रिजएवढ्या खोक्यातला बास शेल्फवर मावायला लागला तो यामुळेच. व्हिलचरला पेटंट १९५६ मध्ये मिळालं, पण आरसीए या अमेरिकन कंपनीच्या हॅरी ओल्सन आणि प्रेस्टन यांचं १९४४ मध्ये दाखल झालेलं आणि १९४९ मध्ये मंजूर झालेलं पेटंट याच दिशेचं होतं, आणि इलेक्ट्रो-व्हॉइस या दुसऱ्या स्पीकर कंपनीने आव्हान दिल्यावर व्हिलचरचा हक्क टिकला नाही. कागदावर पहिला मान ओल्सनकडे जातो हे खरं, पण त्या कल्पनेचा अख्खा स्पीकर बनवून घराघरात नेला तो व्हिलचरने, आणि १९५८ च्या एआर-३ मध्ये घुमटीच्या आकाराचा डोम ट्वीटरही (ट्वीटर म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) त्यानेच आणला. एआर-३ चा नग स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलेला आहे.

अकूस्टिक रिसर्चच्याच मंडळींपैकी हॉफमन (केएलएच कंपनीच्या नावातला एच) याच्या नावाने एक नियम सांगितला जातो: खोल बास, लहान खोकं आणि कमी पॉवरमध्ये मोठा आवाज या तिन्हीपैकी दोनच एका वेळी मिळतात. जुना स्पीकर घेताना हा नियम डोक्यात असला की अर्ध्या निराशा टळतात. बास रिफ्लेक्सचं खोकं अंदाजाने नाही तर हिशेबाने बनवायची सोय नेव्हिल थीलच्या १९६१ च्या आणि रिचर्ड स्मॉलच्या १९७० च्या दशकातल्या कामामुळे झाली, म्हणून त्याआधीच्या बऱ्याच भोकवाल्या खोक्यांचा बास थोडा घुमतो, तो बिघाड समजू नये.

मॅग्नेटबद्दल फार बोललं जातं. जुने चांगले स्पीकर अल्निकोचे, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचे. १९७८ मध्ये झाईरच्या (आताच्या काँगोच्या) शाबा प्रांतातल्या लढाईमुळे कोबाल्ट महागला आणि बहुतेक कंपन्या फेराइटकडे, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनणाऱ्या मॅग्नेटकडे, वळल्या. अल्निकोचा आवाज गोड असतो असं मानणारे खूप आहेत, पण मॅग्नेट बदलताना फटीची रचना आणि इतर तपशीलही बदलले, त्यामुळे गोडवा नुसत्या मॅग्नेटच्या खात्यात टाकणं अवघड आहे. अल्निको जोरदार वापराने थोडा कमजोर होऊ शकतो आणि परत चुंबकित करून घेता येतो, एवढं मात्र पक्कं.

आता देखभाल. कोनच्या कडेचा जो मऊ गोल पट्टा, सराउंड, तो १९७० च्या दशकात सर्रास पॉलियुरेथेन फोमचा होता आणि हा फोम स्पीकर वाजवला काय नि कपाटात ठेवला काय, हवेतल्या ओलाव्याने पंधरा-वीस-पंचवीस वर्षांत आपोआप कुजतो, बोट लावलं की भुगा होतो. यात मालकाची चूक नसते. असा स्पीकर वाजवत राहिलं तर मात्र व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी, चुंबकाच्या फटीतली कॉइल) एका बाजूला झुकून घासते आणि शंभरात होणारं काम हजारावर जातं, म्हणून फोम फाटलेला दिसला की तेव्हाच थांबावं. रीफोमिंग म्हणजे जुना फोम आणि गोंद सावकाश खरवडून काढायचा, नवा चिकटवायचा, आणि सुकेपर्यंत कॉइल बरोबर मधोमध ठेवायची. त्यासाठी एकतर डस्ट कॅप (कोनच्या मधोमध असलेलं झाकण) काढून कॉइलभोवती पातळ पट्ट्या खोचतात, नाहीतर २०-३० हर्ट्झचा हलका सूर देऊन कोन घासतोय का ते ऐकत ऐकत चिकटवतात. पहिली पद्धत खात्रीची, दुसरीत डस्ट कॅप वाचते. फोमच्या जागी जाड रबर लावायचा मोह टाळावा, कारण वजन आणि ताठपणा बदलला की वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) त्या खोक्याचा राहत नाही. कापडी सराउंड कुजत नाहीत पण त्यावरचा चिकट लेप सुकून हवा गळायला लागते, आणि हवेच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या खोक्यात गळती म्हणजे बास गेला. ओळखायची युक्ती सोपी आहे: बंद खोक्याच्या वूफरचा कोन बोटांनी हलकेच आत दाबून सोडायचा, तो सावकाश परत आला तर खोकं हवाबंद आहे, टुणकन आला तर कुठेतरी गळतंय.

क्रॉसओव्हर म्हणजे खालचे सूर वूफरकडे आणि वरचे ट्वीटरकडे पाठवणारं सर्किट. त्यातल्या कॉइल सहसा जन्मभर टिकतात, खराब होतात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. चाळीस वर्षांत त्यांची व्हॅल्यू सरकते, आतला रोध वाढतो, आणि ट्वीटर मिणमिणतो किंवा मधले सूर कर्कश होतात. बदलताना त्याच मायक्रोफॅराडचे आणि दोन्ही स्पीकरचे एकदमच बदलावेत. इथे एक बारीक मुद्दा बरेचदा सुटतो: नवे फिल्म कपॅसिटर जुन्यांपेक्षा इतके कमी रोधाचे असतात की मूळ डिझाइनरने जो रोध गृहीत धरला होता तोच नाहीसा होतो आणि ट्वीटर गरजेपेक्षा तेज होतो. तेव्हा सोबत अर्धा-एक ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घालून बघावा आणि कान देऊन ठरवावं. महागडा कपॅसिटर म्हणजे चांगला आवाज असं समीकरण नाही. एआर-३ए सारख्या स्पीकरच्या मागच्या बाजूला असलेले लेव्हलचे पॉट (सुरांचा जोर कमी-जास्त करायच्या फिरत्या कळा) गंजतात आणि ट्वीटर मेला असं वाटायला लावतात, खरंतर नुसतं उघडून साफ केल्यावर तो जिवंत होतो. १९८० च्या आसपासच्या काही ट्वीटरमधलं फेरोफ्लुइड (कॉइलभोवती भरलेला चुंबकीय द्रव) सुकून घट्ट होतं, तेही बदलता येतं. यामाहा एनएस-१००० (१९७४) च्या डोममध्ये बेरिलियम आहे, तो फुटला तर त्याची धूळ विषारी असते, तिथे घरच्या घरी काही करू नये.

जोडी जमवणं याचे दोन अर्थ. पहिला डावा-उजवा. एकाच मॉडेलचे दोन नग वेगवेगळ्या घरांतून आणून जोडी होत नाही, कारण कंपन्या मधेच ड्रायव्हर (खोक्यातले वूफर, ट्वीटर) आणि क्रॉसओव्हर बदलत. बीबीसीने आपल्या बाहेरच्या प्रसारणाच्या गाड्यांसाठी १९७० च्या दशकात डिझाइन केलेला आणि रॉजर्स, स्पेंडर, हार्बेथ, केईएफ अशा परवानाधारकांनी बनवलेला एलएस३/५ए घ्या: आधी तो १५ ओहमचा होता, १९८७-८८ च्या सुमाराला ११ ओहमचा झाला, आतला क्रॉसओव्हर वेगळा, त्यामुळे एक हा आणि एक तो असं चालत नाही. शक्यतो लागोपाठचे सीरियल नंबर बघावेत. पोलॅरिटी, म्हणजे दोन्हींचं प्लस-मायनस जुळतंय का, ते तपासायला दीड व्होल्टचा सेल टर्मिनलला क्षणभर टेकवून दोन्ही वूफर एकाच दिशेला हलतात का ते पाहायचं, पण हे फक्त वूफरपुरतं, नुसत्या ट्वीटरला सेल लावायचा नाही. लाल टर्मिनलला प्लस दिल्यावर कोन बाहेरच यायला पाहिजे असंही नाही, काही जुन्या कंपन्यांच्या स्पीकरमध्ये तो आत जातो.

दुसरा अर्थ ॲम्प्लिफायरशी जोडी. क्लिप्शचा तो कोपऱ्यातला क्लिप्शहॉर्न एका वॉटला शंभर डेसिबलच्या वर जातो, एलएस३/५ए जेमतेम ८२-८३ ला थांबतो, आणि २० डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट पॉवर. म्हणून पहिल्याला काही वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प पुरतो, एआर-३ सारख्या ४ ओहमच्या सुस्त स्पीकरला मात्र दमदार ट्रान्झिस्टर ॲम्प लागतो. कमी पॉवरचा ॲम्प सुरक्षित असतो ही समजूत चुकीची आहे, कमी पडणारा ॲम्प ताणून वाजवला की क्लिप होतो, म्हणजे लहरींची टोकं कापली जातात, आणि ट्वीटर जाळतो. उलट १९५७ चा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक (कोनऐवजी विद्युतभार दिलेल्या पातळ पडद्याने आवाज काढणारा) ३३ व्होल्टच्या वर सहन करत नाही, त्याला त्याच कंपनीचा १५ वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प शोभतो, आणि वरच्या सुरांत त्याचा इम्पीडन्स (ॲम्पला जाणवणारा रोध) २ ओहमच्याही खाली उतरत असल्याने काही ट्रान्झिस्टर ॲम्प त्याच्यासमोर टिकत नाहीत. या क्वाडच्या आत हजारो व्होल्ट असतात (बासच्या पॅनलला ६ हजारच्या घरात), प्लग काढल्यावरही चार्ज उरतो, आणि हे काम ज्याला येतं त्याच्याकडेच द्यावं.

खोकं, व्हीनियर (त्यावरचा पातळ लाकडी थर), जाळीचं कापड यांचं फार काही नाही, ऑइल फिनिशला पुन्हा तेल चालतं, लॅकरला चालत नाही, ओलसर भिंतीपासून लांब ठेवावं. वूफर बरीच वर्षं एकाच स्थितीत उभा राहिला तर कोन वजनाने खाली झुकतो, म्हणून काही लोक दर काही वर्षांनी तो स्क्रू काढून १८० अंशात फिरवतात, जड वूफरच्या बाबतीत यात तथ्य आहे. दुरुस्तीत काढलेले मूळ कपॅसिटर, पॉट, ड्रायव्हर फेकून न देता चिठ्ठी लावून ठेवावेत, डावा-उजवा लिहून, म्हणजे पुढच्या मालकाला हवं असेल तर तो स्पीकर परत मूळ रूपात आणता येतो.