सड्यावरची पिवळी आमरी

ऑर्किड म्हटलं की झाडाच्या फांदीवर बसलेलं काहीतरी किंवा फुलवाल्याकडचा महागडा गुच्छ आठवतो, पण आपल्या सह्याद्रीत चक्क मातीत उगवणारी बरीच ऑर्किड्स आहेत आणि त्यातली माझी सगळ्यात लाडकी म्हणजे हबेनारिया मार्जिनाटा. मराठीत ऑर्किडला आमरी म्हणतात, म्हणून ही पिवळी हबे आमरी. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, आणि डोंगरउतारांवर गवतात दिसते, जेमतेम वीतभर उंच, त्यामुळे लोक सरळ पुढे निघून जातात.

आधी पानं बघा. दोन-चारच असतात, जमिनीला अगदी चिकटून पसरलेली, आणि प्रत्येक पानाला फिकट पिवळसर बारीक कड असते. फुलं नसतानाही ओळख पटते ती या कडेमुळेच. मधून सरळ दांडा येतो आणि त्यावर दाटीने फुलं. बाहेरच्या पाकळ्या हिरवट, आतल्या पिवळ्याधमक, आणि खालची पाकळी, जिला ओठ म्हणतात, ती तीन अरुंद भागांत चिरलेली, छोटा त्रिशूळच जणू.

आता फूल बाजूने बघा, मागे एक नळी लोंबताना दिसेल. हिला स्पर म्हणतात, मध असतो तो यातच. हबेनारिया कुळीतल्या बऱ्याच आमरींच्या फुलांवर लांब सोंडेचे पतंग येतात, सोंड नळीत घातली की परागकणांचे चिकट पुंजके त्यांच्या डोळ्यांना नाहीतर सोंडेला चिकटतात आणि पतंग ते तसेच घेऊन पुढच्या फुलावर जातो. इथे पराग सुटे उडत नाहीत, अख्खा गठ्ठाच जातो, म्हणून एकाच फेरीत हजारो बिया धरू शकतात.

पण बी म्हणजे नुसती धूळ हो, आत अन्नाचा साठाच नाही! मातीतली ठरावीक बुरशी बीमध्ये शिरली आणि तिने खाऊ घातलं तरच रोप तयार होतं, त्यामुळे हजारो बियांतून रुजतात अगदी मोजक्या. पावसाळा संपला की वरचं सगळं वाळून जातं, खाली कंद राहतो. यंदाचं झाड जुन्या कंदावर वाढतं आणि त्याच वेळी शेजारी नवा कंद भरत असतो, तो पुढच्या पावसाळ्यासाठी.

म्हणून कृपा करून ही उपटून कुंडीत लावायला नेऊ नका. फुलावर असताना उपटली तर नवा कंद अर्धवट राहतो आणि बुरशी तर मातीतच मागे राहते, त्यामुळे घरी झाड जगणं फार कठीण. फोटो काढायचा तर गुडघे टेकून काढा, पण टेकायच्या आधी खाली नीट बघा, न फुललेल्या झाडांची चपटी पानं गवतात पटकन दिसत नाहीत आणि पायाखाली जातात ती हीच.