पंचांगातील दिवस

पंचांगातील दिवस : एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ. वार बदलतो तो सूर्योदयाला, मध्यरात्री नव्हे. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही दिवसाची पाच अंगे. वार सोडला तर बाकीची चारही सूर्य-चंद्राच्या गतीप्रमाणे दिवसा-रात्री केव्हाही बदलतात. पंचांग पाहणाऱ्याची तारांबळ उडते ती इथेच.

चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. ही चाल सारखी नसल्याने तिथी सुमारे १९ ते २६ तासांची असते. सूर्योदयाला चालू असेल ती त्या दिवसाची तिथी. सूर्योदयानंतर लागून पुढच्या सूर्योदयाआधीच संपली तर तिचा क्षय, दोन सूर्योदय गाठले तर वृद्धी. अर्ध्या तिथीला करण म्हणतात. त्यातले विष्टी म्हणजेच शुभकार्याला टाळतात ती भद्रा.

व्रतांना मात्र ही उदयतिथी पुरत नाही. रामनवमीला मध्याह्नीची नवमी हवी, महाशिवरात्रीला मध्यरात्रीच्या निशीथकाळची चतुर्दशी, लक्ष्मीपूजनाला प्रदोषातली, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या वेळची, अमावास्या. संकष्टीला चतुर्थी चंद्रोदयाला असावी लागते. म्हणून कॅलेंडरात तृतीया छापलेल्या चौकोनातच कधी संकष्टी दिसते. ती छपाईची चूक नसते.

जुन्या पद्धतीच्या पंचांगात तिथीपुढे घटी-पळे असतात. घटी २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे. ‘सप्तमी ३२।१५’ म्हणजे सूर्योदयानंतर १२ तास ५४ मिनिटांनी सप्तमी संपली. सूर्योदय साडेसहाचा असेल तर संध्याकाळी ७.२४ ला. आता सरळ घड्याळी वेळ देतात, ते बरेच झाले.

तिथी संपण्याचा क्षण सगळीकडे एकच, सूर्योदय मात्र गावोगावचा. नागपूरला तो मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी होतो. त्या दरम्यान अष्टमी संपली तर नागपुरात अष्टमी आणि मुंबईत नवमी. अमेरिकेतल्या मराठी घरांत तर सण एक दिवस अलीकडे येऊ शकतो. तिथे स्थानिक गणितच हवे.

राहुकाळ, म्हणजे दिवसातला अशुभ मानलेला काळ, पाच अंगांत येत नाही. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे आठ समान भाग करून वाराप्रमाणे त्यातला एक धरतात. सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा. ‘सोमवारी साडेसात ते नऊ’ हे पाठ केलेले कोष्टक सूर्योदय-सूर्यास्त दोन्ही सहाला असतील तेव्हाच जुळते.