करकर, कुरकुर, टकटक: ड्रायव्हरच्या सीटचा आवाज घालवताना

गाडी डावीकडे वळवली की ड्रायव्हरच्या सीटखालून 'कर्र' असा आवाज यायचा. उजवीकडे वळताना काही नाही. गाडी नऊ वर्षांची हॅचबॅक, इंजिन अजून ठणठणीत. पण प्रत्येक डाव्या वळणाला माझं अर्धं लक्ष रस्त्यावरून सीटकडे जायला लागलं होतं. एका रविवारी घरात होतं ते शिलाई मशीनचं तेल सीटच्या रेलवर, म्हणजे सीट ज्यावर पुढे-मागे सरकते त्या पट्टीवर, सोडलं. दहा-बारा दिवस शांततेत गेले आणि आवाज परत आला, या वेळी थोडा वरच्या पट्टीत. तेव्हा ठरवलं, पुढचा थेंब टाकण्याआधी हा आवाज होतो कसा आणि येतो कुठून, हे नीट समजून घ्यायचं.

शहाबादी फरशीवरून लोखंडी स्टूल हळूहळू ओढून पाहा. ते एका चालीत सरकत नाही. पाय फरशीला धरून राहतो, आपण ओढत राहतो, पाय किंचित वाकतो, त्या वाकण्यात ताण साठतो आणि एका क्षणी धरलेलं सुटतं. पाय झटकन पुढे जातो, ताण संपतो, पाय पुन्हा धरतो. हे सेकंदाला शेकडो वेळा घडलं की कानाला सलग किंचाळल्यासारखा आवाज ऐकू येतो. इंजिनिअर याला 'स्टिक-स्लिप' म्हणतात. मराठीत यासाठी वेगळा शब्द घडवायची गरज नाही, 'धरसोड' हा आपला जुना शब्द इथे नेमका बसतो.

धरसोड होते, कारण थांबलेली वस्तू हलवायला जितका जोर लागतो, तितका ती हलती ठेवायला लागत नाही. कोरड्या मऊ पोलादावर पोलाद ठेवलं तर स्थिर घर्षणाचा गुणांक, म्हणजे भाराच्या तुलनेत हलवायला लागणारा जोर, साधारण ०.७४ असतो आणि सरकू लागल्यावर तो ०.५७ च्या आसपास उतरतो. सगळा आवाज या दोन आकड्यांमधल्या फरकातून जन्माला येतो. मध्ये ग्रीस आलं की गुणांक ०.१ च्या घरात जातो आणि दोन्हींतला फरकही जवळपास मिटतो. सुटण्यासाठी साठलेलं काही उरतच नाही.

दोन धातू एकमेकांना इतके धरून का ठेवतात? डोळ्यांना गुळगुळीत दिसणारी पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सह्याद्रीच्या रांगेसारखी दिसते. दोन पृष्ठभाग टेकतात ते फक्त शिखरांच्या टोकांवर. केंब्रिजमध्ये बाउडन आणि टेबर या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्याला ही गोष्ट प्रयोगांनी दाखवून दिली. साधा हिशेब करून पाहू. ७० किलोच्या माणसाचं वजन म्हणजे सुमारे ७०० न्यूटन. मऊ पोलाद एका चौरस मिलिमीटरवर साधारण दीड हजार न्यूटन सोसतं, त्यापुढे दबतं. म्हणजे शिखरं दबत दबत एकूण अर्धा चौरस मिलिमीटर जागा टेकली की भार पेलला जातो. आपण ऐसपैस सीटवर बसलेलो असतो, पण आपला सगळा भार धातूकडून धातूकडे जातो तो खसखशीच्या दाण्याहून लहान जागेतून! तिथला दाब इतका प्रचंड असतो की शिखरं एकमेकांना अक्षरशः जोडली जातात. सरकायचं तर ते सांधे तोडावे लागतात.

घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं आणि टेकलेल्या दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे लिओनार्दो दा विंचीने आपल्या वह्यांत पाचशे वर्षांपूर्वी टिपून ठेवलं होतं. त्या वह्या तेव्हा छापल्या गेल्या नाहीत, म्हणून १६९९ मध्ये फ्रान्सच्या आमोंतोंला तेच नियम पुन्हा शोधावे लागले. मला या सगळ्यांत जवळचा वाटतो तो कूलोम, विद्युतभारांच्या नियमाचा तोच कूलोम. १७८५ च्या त्याच्या प्रबंधात एक निरीक्षण आहे: वस्तू जितका जास्त वेळ एका जागी पडून राहील, तितकी तिला हलवायला जास्त जोर लागतो. शिखरं दबत राहतात, सांधे हळूहळू वाढतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी बसताना पहिली करकर सर्वांत मोठी का येते, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

सारंगीचा गज तारेवरून फिरतो तेव्हा हेच घडतं. गजाच्या केसांना राळ लावतात ती केसांनी तार घट्ट धरावी आणि मग एकदम सोडावी म्हणून. राळ नसेल तर गज नुसता घसरतो, सूर उमटत नाही. भूगर्भशास्त्रातही हाच विचार आहे. १९६६ मध्ये ब्रेस आणि बायर्ली यांनी मांडलं की भूकंप म्हणजे खडकांच्या भेगेवरची धरसोडच आहे: वर्षानुवर्षं धरून ठेवणं आणि काही सेकंदांत सुटणं. त्यानंतरच्याच वर्षी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनानगर हादरलं. ज्या नियमाने सीटची रेल वाजते, त्याच नियमाने जमीन हलते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ हातातला पाना खाली ठेवून बसलो होतो.

आता गाडीकडे. धरसोड व्हायला तीन गोष्टी लागतात: एकमेकांवर दाबलेले दोन पृष्ठभाग, त्यांच्या मागे स्प्रिंगसारखं लवचीक काहीतरी आणि हळू सरकणं. सीटमध्ये या तिन्ही गोष्टी मुबलक. म्हणून इलाजही तीनच निघतात. मध्ये वंगण घाला, किंवा इतकं घट्ट करा की सरकणंच बंद होईल, किंवा दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना लागणारच नाहीत असं करा. चुकीचा इलाज चुकीच्या जागी केला तर काही साधत नाही. ढिल्या बोल्टवर कितीही ग्रीस ओता, तो वाजणारच.

कुठे काय करायचं हे आवाजच सांगतो आणि इथे आपली भाषा फार उपयोगी पडते. 'करकर' असेल तर धातूवर धातू घासतोय: रेल, उंची कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्यांचे सांधे, पाठ मागे नेणाऱ्या खटक्याची जागा. 'कुरकुर' मऊ असते. ती कव्हरच्या रेक्झिनची किंवा चामड्याची, किंवा फोम खालच्या तारांवर घासल्याची. चालताना कोल्हापुरी चपलेला जो आवाज असतो, त्याच जातीचा. 'चीं चीं' बहुधा प्लास्टिकची. 'टकटक' किंवा 'खटखट' मात्र घर्षणाची नाहीच. तिथे काहीतरी सुटं आहे आणि आपटतंय.

जागा शोधायला गाडी सपाट जमिनीवर उभी करून इंजिन बंद करा, पंखा आणि रेडिओसुद्धा. घरातल्या कुणाला तरी सीटवर बसवून डावी-उजवीकडे, मग पुढे-मागे झुलायला सांगा. आपण दाराबाहेर बसून रबरी नळीचं एक टोक कानाशी धरायचं आणि दुसरं सीटच्या एकेका सांध्याजवळ फिरवायचं. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपमागेही हेच तत्त्व आहे. नळी नसेल तर बोटं टेकवा. जिथे आवाज जन्मतो तिथे बोटाला बारीक थरथर जाणवते. कानावर एकट्यावर भरवसा ठेवू नका, कारण रेलची थरथर गाडीच्या पत्र्याच्या तळात उतरते आणि तो तळ सतारीच्या भोपळ्यासारखा सगळीकडून घुमतो. मग एक सोपी परीक्षा: सीट एक खाच पुढे सरकवा. आवाज बदलला किंवा गेला तर दोष रेलमध्ये. पाठ थोडी कलती केल्यावर बदलला तर खटक्यात. कशानेच बदलला नाही तर वर, कव्हर आणि फोमकडे पाहा.

माझ्या सीटची करकर रेलमधली निघाली, बाहेरच्या, म्हणजे दाराकडच्या रेलमधली. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. गाडीत शिरताना आणि उतरताना तो आधी सीटच्या बाहेरच्या कडेवर सगळा भार टाकतो. दिवसातून आठ-दहा वेळा, नऊ वर्षं. शेजारची सीट अनेकदा रिकामी असते, म्हणून ती सहसा वाजत नाही. डाव्या वळणावर अंग उजवीकडे झुकतं आणि भार पुन्हा त्याच झिजलेल्या कडेवर येतो. माझ्या कोड्याचा उलगडा एवढाच होता.

सीट पूर्ण मागे सरकवली आणि रेलचा पुढचा भाग उघडा केला. आत काळा चिकट राडा होता: कारखान्यातलं जुनं ग्रीस, रस्त्याची धूळ, शेंगदाण्याची सालं, आणि त्यात मी सोडलेलं मशीनचं तेल. ग्रीसमध्ये धूळ मिसळली की ते वंगण राहत नाही, पॉलिशपेपरसारखं घासतं. म्हणून खरं काम साफसफाईचं आहे आणि त्यालाच सर्वांत जास्त वेळ द्यावा. आधी व्हॅक्यूम, मग जुना टूथब्रश, मग काडीला गुंडाळलेलं फडकं. मग सीट पूर्ण पुढे घेऊन रेलचा मागचा भागही तसाच. फडकं स्वच्छ निघेपर्यंत थांबलो नाही. रॉकेल वापरू नका, बंद गाडीत वास आठवडाभर जात नाही आणि पेट घेण्याची भीती वेगळी.

मग वंगण कोणतं? मशीनचं तेल पातळ, उभ्या पट्टीवरून ओघळून जातं. खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजतं, म्हणजे नाशिक-पुण्याच्या थंडीत सकाळी ते मेणासारखं असणार. गंज सोडवायला म्हणून मिळणारे स्प्रे पाणी हटवायला आणि अडकलेलं मोकळं करायला उत्तम, पण त्यांचा बराचसा भाग उडून जातो आणि मागे अगदी पातळ थर राहतो. रेलला हवं पांढरं लिथियम ग्रीस. ग्रीस म्हणजे साबणाच्या बारीक तंतूंच्या जाळ्यात धरून ठेवलेलं तेल. ओलं स्पंज दाबल्यावर पाणी सोडतं, तसं हे दाब आला की तेल सोडतं आणि दाब गेला की बरंचसं जागेवरच राहतं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लिथियम ग्रीसमधला तो साबण ज्या स्निग्धाम्लापासून बनवतात, ते येतं एरंडेलापासून. जगातला बहुतांश एरंड भारतात पिकतो, त्यातही गुजरातेत. आणि बैलगाडीच्या आसाला आपले लोक वंगण म्हणून एरंडेलच घालत होते. १९४० च्या दशकात अमेरिकेत आलेलं हे आधुनिक ग्रीस आणि बैलगाडीचा आस यांच्यामध्ये एकच झाड उभं आहे.

ग्रीस थोडंच लावायचं, वाटाण्याएवढं, आणि सीट आठ-दहा वेळा पुढे-मागे करून ते पसरवायचं. जास्तीचं पुसून टाका, ते फक्त धूळ गोळा करतं. प्लास्टिक आणि रबराच्या जागी सिलिकॉन स्प्रे घ्या, कारण खनिज तेलाने काही रबर फुगतं. तो फडक्यावर मारून मग लावा. पेडलवर किंवा पायाखाली त्याचा थर बसला तर पाय घसरेल, आणि ते सीटच्या आवाजापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

करकर गेली. दुसऱ्या दिवशी तिच्यामागे दडलेली बारीक 'चीं' ऐकू आली. मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो, आणि माणसाचा कान २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. प्लास्टिकची चीं बहुधा तिथेच येते. इलेक्ट्रिक गाड्यांत तर इंजिनाचा आडोसाही उरत नाही. माझी चीं निघाली सीटबेल्टच्या बकलची. बेल्ट लावला की बकल सीटच्या बाजूच्या प्लास्टिकला टेकत होतं. हाताने बाजूला धरलं, आवाज बंद. त्या जागी फेल्टची बोटभर पट्टी चिकटवली आणि काम झालं. हा तिसरा इलाज, वेगळं करण्याचा, आणि मला वाटतं यालाच लोक सर्वांत शेवटी आठवतात.

बोल्टबद्दल मात्र सावध राहा. सीट जमिनीला सहसा चार बोल्टांनी धरलेली असते आणि अपघातात माणसाला जागेवर ठेवण्याचा भार त्यांच्यावर येतो. ते सैल आहेत का, हे पान्याने हलकेच ताणून पाहता येईल. पण पान्यावर पाइप घालून, लोंबकळून आवळू नका. किती आवळायचे तो आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा असतो आणि तेवढंच आवळणारा टॉर्क पाना गॅरेजमध्ये असतो. सीट पूर्ण काढण्याचा मोह तर टाळाच. सीटखाली पिवळ्या रंगाच्या वायरी किंवा कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे किंवा बेल्ट झटक्यात आवळणाऱ्या यंत्रणेचे असतात. त्यांना हात लावायचा नाही, ओढायचं नाही, त्यांच्यावर स्प्रेही मारायचा नाही.

आणि बसताना एकदाच 'कट्ट' असा कोरडा, सुटा आवाज येत असेल, पाठ किंचित हलत असेल, तर टॉर्च घेऊन सीटच्या सांगाड्याचे वेल्डिंगचे जोड पाहा. रंगावर केसासारखी रेघ आणि तिच्या कडेला गंजाची तांबूस छटा दिसली, तर ती भेग आहे. तिथे ना ग्रीस उपयोगी, ना फेल्ट. सीट त्याच आठवड्यात मेकॅनिकला दाखवा आणि तोवर ती गाडी हायवेवर नेऊ नका.